नवीन डिस्क टाकूनही ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतंय

रात्रीचा_प्रवासी:
मंडळी जरा मदत करा. हायवेला ८०-९० च्या स्पीडला ब्रेक मारला की स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं, ४० च्या खाली आलं की जवळपास काहीच नाही. ब्रेक न मारता १०० ला पण गाडी एकदम शांत. गंमत म्हणजे पुढच्या चाकांच्या दोन्ही ब्रेक डिस्क आणि त्यांना दाबून धरणारे पॅड काही महिन्यांपूर्वीच बदललेत, तेव्हा हाच त्रास होता म्हणून, आणि बदलल्यावर मस्त चालत होती, आता हळूहळू परत तेच. मेकॅनिक म्हणतो डिस्क परत वाकली, अजून एक सेट टाकू. नवीन डिस्क इतक्या लवकर वाकते का? मागे ड्रम ब्रेक आहेत.

पाना_नंबर_दहा:
बॅलन्सिंग करून घे आधी, टायरचा प्रॉब्लेम असेल.

ग्रीसचे_हात:
@पाना_नंबर_दहा अरे तो सांगतोय ना ब्रेक न मारता १०० ला शांत आहे म्हणून. बॅलन्सिंग गेलं असेल तर ब्रेक मारो न मारो, ठरावीक स्पीडला थरथर येणारच. इथे फक्त ब्रेकला येतेय.

प्रवासी भाऊ, परत सेट टाकायची घाई करू नका. डिस्क "वाकली" असं सगळे म्हणतात पण बहुतेक वेळा ती वाकलेली नसतेच, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. ०.०२ मिमी एवढ्या फरकाने पण हायवेला हाताला जाणवतं, डोळ्याला काय दिसणार. आणि तुमची गोष्ट ऐकून मला डिस्कपेक्षा हबचा (चाक आणि डिस्क ज्यावर बसते तो फिरणारा भाग) संशय जास्त येतोय. जुनी डिस्क काढली की हबच्या ज्या तोंडावर ती बसते तिथे गंज असतो, तो साफ न करता नवीन डिस्क ठोकून बसवली की ती किंचित तिरकी बसते. सुरुवातीला काहीच कळत नाही. पण फिरताना प्रत्येक फेरीला डिस्कची एकच जागा पॅडला घासत राहते, ब्रेक न मारता सुद्धा, आणि काही हजार किमीनंतर तिथे पातळ होते आणि मग थरथर सुरू. म्हणूनच "बदलल्यावर मस्त होती, हळूहळू आलं".

बघायचं कसं, तर चाक काढा, नट परत लावून डिस्क हबला घट्ट धरा (वॉशर टाकून, नाहीतर नट नीट आवळत नाहीत) आणि डायल गेज (डिस्क फिरताना किती डुलते ते मोजणारं घड्याळ) लावून हाताने फिरवा. बऱ्याच गाड्यांना ०.०५ मिमीच्या आसपास डुलणं चालतं, काहींना थोडं जास्त, तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल. जास्त आलं तर डिस्क काढून हबचं तोंड वायर ब्रशने चकचकीत करा आणि परत मोजा. गेज नाही असं म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याने डिस्क वाकली हे कशावरून ठरवलं, ते पण विचारा एकदा.

मागच्या_सीटवरून:
वरच्यांचं बरोबर आहे, त्यात दोन गोष्टी टाकतो. एक, नट इम्पॅक्ट गनने ढुर्रर्र करून आवळतात ना, एक जास्त एक कमी, त्याने पण डिस्क तिरकी खेचली जाते. टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोराने आवळणारा पाना), समोरासमोरचे नट आलटून पालटून, टप्प्याटप्प्याने आवळायला लावा. दुसरं म्हणजे कॅलिपरच्या (पॅड धरून डिस्कवर दाबतो तो भाग) पिना, ज्यांवर तो सरकतो. सुकून जाम झाल्या की पॅड सुटतच नाही. प्रवास करून आल्यावर चाकाजवळ हात नेऊन बघा (डिस्कला हात लावू नका, भाजेल), एक बाजू दुसरीपेक्षा खूप गरम लागली तर तिकडेच बघायचं.

चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचं बुश (रबरी सांधा) आणि बॉल जॉइंट पण हलवून बघा. ते ढिले असतील तर डिस्कमधला छोटा दोष स्टिअरिंगला मोठा होऊन येतो.

रात्रीचा_प्रवासी:
धन्यवाद! मागच्या ड्रमचं नसेल ना हे? आणि हँडब्रेकने कळतं म्हणतात ते खरं का?

ग्रीसचे_हात:
स्टिअरिंगला येतंय म्हणजे बहुतेक पुढचंच. मागचं असेल तर सीट आणि बुडाखाली जास्त जाणवतं, पेडल पण पायाला वरखाली ढकलतं. खात्री करायची तर रिकामा, सरळ, कोरडा रस्ता बघून ४० ला हँडब्रेकचं बटण दाबून धरून अगदी हलका हलका ओढा. तेव्हा थरथर आली तर ड्रम. तुमचे ड्रम आहेत म्हणून सांगतोय, इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकवाल्यांनी हे बिलकुल करू नये.

रात्रीचा_प्रवासी:
आणि लेथवर मारून (घासून सपाट करून) घेतली तर चालेल का आत्ताची डिस्क? नवीनच आहे हो, टाकवत नाही.

मागच्या_सीटवरून:
चालेल की. डिस्कवर मिनिमम जाडी कोरलेली असते, मारून झाल्यावर त्याच्या वर राहायला हवी, एवढं बघा. पण हब साफ केल्याशिवाय मारून काय उपयोग, परत तेच होणार. गाडीवरच बसवलेली डिस्क मारायचं मशीन कुणाकडे असेल तर उत्तम, हबचा तिरकेपणा धरूनच कापतं ते.

आणि नंतर पहिल्यांदा ६० वरून १०-१५ पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, मधे थोडं चालवून गार होऊ देत, असं आठ-दहा वेळा करा. तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून उभं राहिलं की पॅडचा मसाला एकाच जागी चिकटतो आणि मग तिथेच धडधड.

पाना_नंबर_दहा:
बरं बुवा, बॅलन्सिंग मागे घेतो. पण चाकं निघणारच आहेत तर टायरला कुठे फुगा आलाय का तेवढं बघून घ्या.