मदत हवी आहे: एमजीबीच्या दोन कार्बोरेटरचं काही केल्या जमत नाहीये

मंडळी, मी इंग्लंडमध्ये असतो, गेल्या वर्षी 1969 ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेतली, 1798 सीसी, हवा-पेट्रोल मिसळणारे दोन एसयू एचएस4 कार्बोरेटर (कार्ब). (बायकोच्या मते आमच्या घरातली सगळ्यात लाडकी म्हातारी.) आयडलला (पाय न दाबता इंजिन चालू असताना) दोन्ही कार्ब अगदी सारखी हवा ओढतात, मीटर लावून बघितलं, नळी कानाला लावूनही ऐकलं, पण पाय जरा दाबला की पुढचा आधी उघडतो आणि मागचा मागून येतो, आणि पाय काढल्यावर आरपीएम 1500 ला लटकून राहतो, मग सावकाश उतरतो.

टायमिंग आणि टॅपेट आधीच केलेत, टॅपेटची फट 15 थाउ (इंचाचे हजारावे भाग). डॅशपॉटमध्ये (कार्बच्या पिस्टनची हालचाल सावकाश करणाऱ्या वरच्या भागात) 20 नंबरचं तेल आहे. जेटचे (पेट्रोल येतं त्या नळीचे) नट दोन्हीकडे ब्रिजपासून (कार्बच्या आतल्या तळापासून) 12 फ्लॅट, म्हणजे दोन फेरे, खाली घेऊन सुरुवात केली, तरी कार्बचा पिस्टन जरासा उचलला की मागचा आरपीएम वाढून तसाच राहतो म्हणजे रिच (पेट्रोल जास्त), आणि पुढचा बंदच पडायला बघतो, म्हणजे पेट्रोल कमी. प्लगही तेच सांगतात, पुढच्या कार्बचे 1-2 पांढरट, मागच्याचे 3-4 काळे.

पुढच्या स्पिंडलजवळ (थ्रॉटलची झडप फिरवणाऱ्या दांडीजवळ) कार्ब क्लीनरचा फवारा मारला तर इंजिनाचा आवाज किंचित बदलतो, म्हणजे तिथून हवा आत जात असावी. मग बुश (ती दांडी फिरते ती बेअरिंगं) झिजलेत का? का दोन्ही कार्ब जोडणाऱ्या मधल्या शाफ्टचे क्लॅम्प सैल करून, दोन्ही फोर्कमधली फट सारखी करून परत आवळले तर भागेल? इथला एक मेकॅनिक म्हणाला सरळ दोन्ही काढून एकच वेबर कार्ब लाव, पण जीव होत नाही हो. कोणी स्वतः बुश बदललेत का, की कार्बची बॉडी मशीनिंगला द्यावीच लागते?