अनुभव धागा : थरारपट संपल्यावर मुलांशी काय बोललात?

घरात एकट्या अडकलेल्या लहान मुलाची गोष्ट मुलांसोबत पाहिली की बऱ्याच घरांत त्या रात्री दिवा मालवला जात नाही. २०२४ पासून आपल्याकडे चित्रपटांच्या ‘यूए’ (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा अशा) प्रमाणपत्रात ७, १३ आणि १६ असे वयाचे टप्पे आले. परंतु पालकांनी चित्रपटानंतर करायचे मार्गदर्शन नेमके कसे, हे प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते. म्हणून आपापले अनुभव लिहावेत. उपदेश नको.

एक आई, ठाणे
सात वर्षांच्या मुलीने विचारले, “आई, तू उठलीच नाहीस तर मी दार कसं उघडू?” “असं काही होत नाही” म्हणून विषय मिटवता आला असता, पण प्रश्न व्यवहाराचा होता आणि त्याला उत्तरही होते. वरच्या कडीला तिचा हात पोहोचत नाही, म्हणून कडीच खाली बसवून घेतली. लॅच तिच्याकडूनच उघडून घेतला, जो ती दोन्ही हातांनी फिरवते. जादा किल्ली समोरच्या काकूंकडे दिली. लॉक असलेल्या मोबाइलवरूनही ११२ हा आपत्कालीन मदतीचा क्रमांक लावता येतो, हे तिला प्रत्यक्ष फोन न लावता दाखवले. त्यानंतर तिचा पुढचा प्रश्न पोळीबरोबर गूळ मिळेल का, हा होता.

एक आजोबा, नाशिक
नातू न्हाणीघरात एकटा जाईना. चित्रपटातल्या ज्या प्रसंगाने तो घाबरला होता, तोच आम्ही आवाज बंद करून पुन्हा पाहिला. पार्श्वसंगीत गेल्यावर पडद्यावर उरला तो फक्त हळूहळू उघडणारा दरवाजा, आणि नातू हसू लागला. (बागुलबुवा दाखवून जेवू घालण्याची आमच्या पिढीची रीत मला कधीच पटली नाही.)

एक शिक्षिका, पुणे
मुले धोका म्हणजे अनोळखी माणूस एवढेच धरून चालतात. ओळखीच्या माणसाचे वागणे खटकले तरी सांगायचे, आणि घरात सांगता येत नसेल तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक मुलाने स्वतः लावला तरी चालतो, तो निःशुल्क आहे, हे मी वर्गात स्पष्ट सांगते.

एक बाबा, कोल्हापूर
वरचे सारे आम्हीही केले, पण मुलगा रात्री तीनतीनदा उठून कडी आणि गॅसचा रेग्युलेटर तपासू लागला. शेवटी त्याला सांगितले, “हे बघणं माझं काम, तुझं नव्हे.” आता मी कडी लावतो तेव्हा तो शेजारी उभा राहतो, आणि सराव फक्त रविवारी होतो.