मदत हवी आहे: ४ नंबरच्या लायनरमधून तेलात पाणी, इंजिन खोललंय, धुणं आणि जोडणी

हर्णैबंदर:
मासेमारी बोटीचं ६ सिलिंडर डिझेल इंजिन, ओले लायनर (सिलिंडरच्या नळ्या, बाहेरून थेट पाणी लागणाऱ्या), बोअर (आतला व्यास) ११० मिमी. आतून गोडं पाणी फिरतं, ते गार करणाऱ्या हीट एक्स्चेंजरला खारं. चेंबरातलं (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतलं) तेल दुधासारखं झालं म्हणून सगळं खोललं. ४ नंबरचे खालचे ओ-रिंग चपटे झालेत. लायनर होनिंग करून (आतून दगडाने घासून बारीक रेघा पाडून) आलेत. विचारायचं हे, की सगळे पार्ट एकदम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळले तर चालतील का? आणि ४ नंबरचा लायनर ब्लॉकच्या वर ०.०४ मिमी येतोय, बाकीचे पाचही ०.१० आहेत. मासेमारीची बंदी ३१ जुलैपर्यंत, त्याआत इंजिन बसवायचंय.

फिलरगेज:
सगळे एकदम नकोच. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं. पिस्टन त्यात टाकले की फेस येऊन हायड्रोजन सुटतो आणि रिंगांच्या खाचा कायमच्या सैल होतात. कॉस्टिकमध्ये फक्त बिडाचा ब्लॉक आणि हेड, तेही कॅमचे बुश काढून. पिस्टन रात्रभर डिझेलमध्ये ठेवा, खाचा जुन्या रिंगच्या तुकड्याने खरवडा. तारेचा ब्रश नको.

आता बोटीच्या इंजिनाची खास गोष्ट. डिझेलमध्ये मीठ विरघळत नाही. एक्स्चेंजर, खाऱ्या पाण्याचा पंप, त्यांच्या जोडण्या, जिथे जिथे खारं लागलंय ते आधी गरम गोड्या पाण्याने धुवा, हवेने सुकवा, मग डिझेल. उलटं केलं तर तेलाच्या थराखाली मीठ तसंच राहतं आणि खड्डे पडत राहतात.

होन केलेल्या लायनरलाही नुसतं डिझेल पुरत नाही, दगडाची पूड रेघांत अडकून राहते. गरम साबणपाणी, नायलॉनचा ब्रश, मग तेल लावलेलं पांढरं फडकं. फडक्यावर राखाडी डाग यायचा थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा. पुसल्यावर लगेच तेल लावा. आषाढातल्या हवेत बिडाला रात्रीत तांबूस गंज धरतो. ब्लॉकमधल्या तेलाच्या गल्ल्यांत वेस्ट (पुसायचा सुताचा गुंता) घालू नका, धागे तिथेच राहतात. प्लग काढून लांब ब्रश फिरवा.

खारंपाणी:
०.०४ कसं मोजलंत? ओ-रिंग घालून मोजलं असेल तर तो आकडा सोडून द्या. रिंग काढा, बैठक (ब्लॉकमधली कड, जिच्यावर लायनर टेकतो) स्वच्छ करा, लायनर कोरडा बसवून क्लॅम्पने दाबा आणि डायल गेज चार ठिकाणी लावा. बैठकीत घाण असेल तर लायनर वर येतो. खाली बसतोय म्हणजे बैठक पाण्याने खाल्ली असणार.

हर्णैबंदर:
ओ-रिंग घालूनच मोजलं होतं. आता कोरडा दाबून पाहिला, ०.०३. बैठकीच्या कडेला नखाला लागेल असा खड्डा आहे.

खारंपाणी:
मग बैठक कापून घ्या आणि जितकं कापलं त्याच्या हिशेबाने शिम (पातळ पत्र्याची कडी) घाला. किती वर हवा ते इंजिनाच्या पुस्तकातून, शेजारच्या दोन लायनरांत ०.०५ च्या वर फरक नको. जाड गॅस्केट घालून भागवलंत तर त्या सिलिंडरवर हेडचा दाब कमी पडेल आणि गॅस्केट तिथेच जळेल.

ब्लॉकचा खालचा गोल भाग, जिथे ओ-रिंग टेकतो, तिथे बोट फिरवून पाहा. धार किंवा खड्डा असेल तर नवा रिंगही लवकरच गळेल. बसवताना रिंगला साबणपाणी लावा, पीळ पडू देऊ नका. लायनर दोन्ही हातांनी दाबून उतरला पाहिजे. हातोडा लागला की समजा रिंग कापली.

फिलरगेज:
हेडचे बोल्ट लावण्याआधी आंधळी (आरपार नसलेली) भोकं हवेने रिकामी करा. तळाशी तेल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉकला चीर पडते आणि टॉर्कचा पाना खोटा आकडा दाखवतो. बोल्ट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत आवळा. पिस्टनच्या रिंगांची फट होन केलेल्या लायनरमध्ये घालून बघा, पुस्तक नसेल तर ०.३५ ते ०.४५ मिमी.

आणि चेंबर लावायची घाई नको. हेड बसलं की ब्लॉकमध्ये पाणी भरा, साधारण १ बारचा दाब द्या आणि लायनरांच्या खाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी ४ नंबरखाली कागद कोरडा असेल तरच चेंबर लावा.