गेम प्रोटॉनवर, टूल शेजारी: तुमची लिनक्स डिस्ट्रो कोणती आणि का?

डिचोली (धागाकर्ता)

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपला आणि माझा धडधाकट पीसी एका दिवसात म्हातारा ठरला. विंडोज ११ त्याला चालत नाही, म्हणून लिनक्स, आणि आता डिस्ट्रो (लिनक्सची तयार आवृत्ती) निवडायची आहे. कार्ड जीटीएक्स १०६०, गेम एलिट डेंजरस. प्रोटॉनवर (स्टीम या गेमच्या दुकानाची, विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी सोय) गेम चालतो हे माहीत आहे. माझा प्रश्न गेमच्या शेजारी चालणाऱ्या टूल्सचा आहे: लॉग वाचणारी, बाजारभाव दाखवणारी, स्क्रीनवर आकडे तरंगवणारी. तुम्ही कुठलं टूल कुठल्या डिस्ट्रोवर चालवता, आणि कुठे अडलं? ‘सर्वांत भारी डिस्ट्रो कोणती’ हा वाद चवथीच्या जागरणाला राखून ठेवू.

फोंडा

मीही एलिटच खेळतो, म्हणून जरा सविस्तर.

ईडी मार्केट कनेक्टर (एलिटचं बाजारभावाचं टूल) पायथनमध्ये लिहिलेलं आहे. विंडोजवाल्यांना इन्स्टॉलर मिळतो, आपण ते मूळ कोडवरून चालवू शकतो. म्हणजे प्रोटॉन फक्त गेमला, टूल थेट लिनक्सवर. गेम खेळता खेळता जर्नल लिहीत जातो: साध्या टेक्स्ट फायली, प्रत्येक ओळीत एक जेसन (ठरावीक मांडणीची) नोंद. टूल त्याच फायली वाचतं. तेव्हा डिस्ट्रो कुठलीही असो, टूलला त्या सापडल्या की झालं.

त्या असतात स्टीमच्या फोल्डरात, स्टीमॲप्स, कॉम्पॅटडेटा, ३५९३२० (हा स्टीममधला एलिटचा क्रमांक), मग पीएफएक्स, ड्राइव्ह-सी, यूजर्स, स्टीमयूजर आणि शेवटी सेव्ड गेम्समध्ये. गेम एकदा तरी चालवल्याशिवाय हे फोल्डर तयार होत नाही. टूलच्या सेटिंगमध्ये पत्ता हाताने द्या. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबायला विसरू नका, वाटेतली फोल्डरं लपलेली असतात.

स्टीम फ्लॅटपॅकमधून (सिस्टिमपासून वेगळ्या, बंदिस्त पॅकेजमधून) घेतलं असेल तर हा सगळा पसारा होम फोल्डरातल्या लपलेल्या ‘व्हार’ फोल्डरात जातो. मार्गदर्शक लेखातला पत्ता जसाच्या तसा डकवून ‘टूल चालत नाही’ म्हणणारे निम्मे लोक इथेच अडकलेले असतात, असा माझा अंदाज.

आता डिस्ट्रोचा संबंध कुठे येतो? पायथनच्या आवृत्तीशी. डेबियन १२ मध्ये ३.११ आहे, उबुंटू २४.०४ मध्ये ३.१२, डेबियन १३ मध्ये ३.१३. टूलला किमान कोणती लागते ते त्याच्या पानावर बघा आणि मगच आयएसओ (डिस्ट्रोची इन्स्टॉल फाइल) उतरवा. शिवाय डेबियन-उबुंटूत टीकेइंटर (पायथनची खिडक्या काढणारी लायब्ररी) वेगळं बसवावं लागतं, नाहीतर खिडकीच उघडत नाही. आणि पिपने (पायथनच्या इन्स्टॉलरने) सरळ काही बसवायला गेलात तर सिस्टिम ‘हे पायथन माझं आहे’ अशा अर्थाचा लांबलचक एरर देते. तो बरोबरच आहे, सिस्टिमची स्वतःची टूल्स त्याच पायथनवर चालतात. व्हेन्व (टूलपुरतं वेगळं पायथन) करा, त्यात टूलच्या गरजा बसवा. जबरदस्तीचा पर्याय त्या एररमध्येच लिहिलेला असतो, त्याला हात लावू नका. मी डेबियन १३ वर आहे आणि तिथून हलणार नाही.

मडगाव

फोंडेकर बाब, तुमचं टूल बिचारं वेगळ्या खिडकीत बसून फायली वाचतं. आमची खरी डोकेदुखी ओव्हरलेची, म्हणजे गेमवर तरंगणाऱ्या खिडकीची.

मी पाथ ऑफ एक्झाइल खेळते. अवेकन्ड पीओई ट्रेड नावाचं टूल आहे: वस्तूवर कर्सर नेऊन कळ दाबायची, गेम त्या वस्तूचा मजकूर क्लिपबोर्डवर टाकतो, टूल तो उचलून भाव गेमवरच दाखवतं. म्हणजे टूलला दोन हक्क लागतात. दुसरी खिडकी पुढे असतानाही कळ ऐकण्याचा, आणि तिच्यावर जाऊन बसण्याचा.

एक्स-११ मध्ये (लिनक्सवर खिडक्या दाखवणारी जुनी व्यवस्था) हे दोन्ही हक्क कुठल्याही प्रोग्रॅमला फुकट मिळतात. वेलँडने (तिच्या जागी आलेल्या नव्या व्यवस्थेने) ते मुद्दाम काढून घेतले, कारण याच वाटेने एखादा प्रोग्रॅम तुमचा पासवर्डही ऐकू शकतो. कारण पटतं, पण माझा ओव्हरले बंद पडतो ना! अर्धी पळवाट अशी की प्रोटॉनमधले गेम सहसा एक्सवेलँडमध्ये (वेलँडच्या आत चालणारं एक्स-११) चालतात. टूलही तिथेच चालवलं तर कळा ऐकू येतात. कधी छान चालतं, कधी ओव्हरले गेमच्या मागे लपतो.

म्हणून मी डिस्ट्रो निवडताना एकच गोष्ट पाहिली: लॉगिनच्या वेळी एक्स-११ मिळतं का? फेडोरा ४१ पासून ग्नोमचं (तिथल्या डेस्कटॉपचं) एक्स-११ सत्र आपोआप बसत नाही. उबुंटू २५.१० मध्ये तर ते काढूनच टाकलं. लिनक्स मिंटचं सिनॅमन (तिचा डेस्कटॉप) अजून मुळात एक्स-११ वरच चालतं. म्हणून मिंट २२. दिसायला जुनाट आहे म्हणतात, म्हणू देत.

त्या टूलची ॲपइमेज (एकाच फाइलमधलं, न बसवता चालणारं पॅकेज) मिळते. नव्या सिस्टिमवर ती डबल-क्लिक करून काहीच होत नसेल तर ती उघडायला लागणारी फ्यूज-२ ची लायब्ररी नसते. उबुंटू २४.०४ घराण्यात तिच्या पॅकेजचं नाव बदललं आहे, शेवटी ‘टी६४’ लागतं. 

पेडणे

एवढं सगळं वाचून घाम फुटला. मला फक्त एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) आणि कार्डाचं तापमान दिसायला हवं होतं, मे महिन्यात आमच्या माडीवर पीसी भट्टी होतो. मँगोहड बसवलं, स्टीमच्या लाँच ऑप्शनमध्ये ‘मँगोहड %कमांड%’ लिहिलं (अर्थात इंग्रजीत), झालं. मिंट. वेलँड की काय, त्याने यात फरक पडत नाही. हे टूल गेमच्या चित्रातच आकडे काढतं, वरून खिडकी चिकटवत नाही.

वास्को

बॅझाइट. फेडोरावर उभारलेली, स्टीम आधीच बसवलेलं, एनव्हिडियासाठी वेगळी आयएसओ. मला ती आवडायचं कारण मात्र पावसाळा. अपडेट चालू असताना वीज गेली तरी धसका नाही, कारण नवी सिस्टिम बाजूला पूर्ण तयार होते आणि तोपर्यंत जुनी जागची हलत नाही. नवी आवडली नाही तर बूट मेनूतून मागची निवडायची.

याची किंमत टूल्सच्या बाबतीत मोजावी लागते. सिस्टिमचा गाभा फक्त वाचता येतो, त्यामुळे डेबियनवर करता तसं काहीही कुठेही बसवता येत नाही. फ्लॅटपॅक टूल असेल तर त्याला स्टीमचं फोल्डर सहसा दिसत नाही, फ्लॅटसील (परवानग्यांचं ॲप) उघडून परवानगी द्यावी लागते. फोंडेकरांसारखं पायथनचं टूल असेल तर डिस्ट्रोबॉक्समध्ये एक छोटी फेडोरा किंवा डेबियन उभी करून त्यात चालवा. होम फोल्डर तिला दिसतं, जर्नल सापडतं.

काणकोण

मी आर्च वापरत होतो. एयूआरमध्ये (आर्चवाल्यांचं सामाईक पॅकेज-भांडार) जगातलं प्रत्येक टूल मिळतं हे खरं. पण आमच्याकडे नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि तोही खिडकीत ठेवला तर. रोलिंग (सतत नवी होत राहणाऱ्या) डिस्ट्रोची अपडेटं त्यावर ओढायची म्हणजे दिवसाचा डेटा संपला. आता डेबियन. टूल्स थोडी जुनी, मी निवांत.

साखळी

एक धोक्याची सूचना. विंडोजच्या एनटीएफएस ड्राइव्हवरची स्टीम लायब्ररी तशीच लिनक्सला जोडू नका. प्रोटॉनला ‘सी:’ नावाची लिंक तयार करावी लागते आणि एनटीएफएसला नावातला अपूर्णविराम झेपत नाही. गेम डळमळतो आणि आपण बसतो टूलला शिव्या देत. लायब्ररीचा ड्राइव्ह एक्स्ट-४ (लिनक्सची फाइल मांडणी) करा.

म्हापसा

ओव्हरवुल्फवर (गेमच्या टूल्सचा एक मंच) चालणारी टूल्स विंडोजसाठीच आहेत, त्यांच्यासाठी डिस्ट्रो शोधू नका. आणि माझ्या भाच्यासारखे वॅलोरंटवाले कुणी वाचत असतील तर त्यांचं व्हँगार्ड (चीटिंग रोखणारा प्रोग्रॅम) लिनक्सवर चालतच नाही, मिंट घ्या की आर्च.

डिचोली (धागाकर्ता)

सगळ्यांना देव बरें करूं. मला ओव्हरले नको, जर्नल वाचलं तरी पुरे. म्हणजे वास्कोकरांची बॅझाइट किंवा डेबियन १३. १०६० ला कुठली बरी?

मडगाव

डेबियन. एनव्हिडियाने ५८० ही पास्कल पिढीच्या कार्डांसाठी शेवटची ड्रायव्हर शाखा ठरवली आहे आणि १०६० पास्कलच. भरभर पुढे जाणाऱ्या डिस्ट्रोंत नवी शाखा आली की जुनं कार्ड बाहेर पडतं, मग जुना ड्रायव्हर वेगळा शोधत बसा. बॅझाइट घ्यायचीच असेल तर आयएसओ निवडताना तुमच्या कार्डाची पिढी नीट बघून घ्या. डेबियनमध्ये ड्रायव्हरसाठी नॉन-फ्री रेपो (बंद कोडच्या पॅकेजांचं भांडार) चालू करावा लागेल. सिक्युअर बूट (सही असलेलंच चालू देणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर बसवल्यावर त्याच्या सहीची किल्ली मोकयूटिलने नोंदवा आणि पासवर्ड ठरवा; मग पहिल्या रीबूटला निळा पडदा येईल, त्यात ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्या. तो पडदा काही सेकंदच थांबतो, चहा आणायला उठू नका.