फादर दिब्रिटोंचा स्मृतिदिन वाचनालयात कसा करावा?

तेरणाकाठ:
येत्या 25 जुलैला वसईचे धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचा स्मृतिदिन आहे. तेरजवळच्या आमच्या गावात मी वाचनालय बघते. त्या संध्याकाळी छोटा कार्यक्रम करायचं आम्ही ठरवलंय.

जानेवारी 2020मध्ये उस्मानाबादला त्यांच्या अध्यक्षतेखाली 93वं मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा अप्पांना घेऊन गेले होते. अप्पा माळकरी. "धर्मगुरूला अध्यक्ष कशाला?" असं तेव्हा बरेच जण बोलत होते. पाठीचं दुखणं असूनही फादर आले, बोलले. त्यांची ती स्वच्छ मराठी ऐकून अप्पा एवढंच म्हणाले, "हा माणूस आपला आहे." अप्पा आता नाहीत, म्हणून हे मनापासून नीट व्हावंसं वाटतंय.

गावात ख्रिस्ती घर एकही नाही. फोटोला हार, समई, उदबत्ती चालेल का? फळ्यावर 'कैलासवासी' लिहून झालंय, पण तेच खटकतंय.

बावखल:
ताई, मी वसईचा, कॅथलिक. वाचून डोळे भरून आले.

हार खुशाल घाला. समई तर आमच्या चर्चमध्येही लावतात. उदबत्तीलाही हरकत नाही. कुंकू आणि नैवेद्य मात्र नको. 'कैलासवासी' पुसून 'ख्रिस्तवासी' लिहा. आणखी एक, आम्ही गेलेल्या माणसाला हात जोडून मागणं मागत नाही, त्याच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून देवाजवळ मागतो. दोन मिनिटं उभं राहून तेवढं मागितलंत तरी पुष्कळ. कुणी लातूर-सोलापूरकडे जाणार असेल तर तिथल्या चर्चमध्ये त्यांच्या नावाने मिस्सा, म्हणजे आमचा प्रार्थनाविधी, सांगता येईल.

1983 ते 2007 फादर 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. अंक आला की आई चुलीपाशी बसून, ओळीखाली बोट धरून वाचायची. तिचं शिक्षण चौथीपर्यंतच. कठीण शब्द अडला असं फारसं व्हायचं नाही. फादर तसंच लिहायचे.

जुनी विहीर:
त्यांना फक्त धर्मगुरू आणि लेखक म्हणून आठवू नका, ही कळकळीची विनंती. वसईतल्या विहिरींचं पाणी टँकरने उपसून नेत होते, वाड्या विकून इमारती उभ्या राहत होत्या, तेव्हा हरित वसई संरक्षण समिती घेऊन ते रस्त्यावर उतरले. झगा घातलेला माणूस मोर्चात पुढे चालतोय, हे मी लहानपणी पाहिलंय. धमक्या आल्या, पण मागे हटले नाहीत. तुमच्याकडे पाण्याचं मोल कुणाला सांगायला नको. त्या दिवशी ही गोष्ट पोरांना नक्की सांगा.

बावखल:
बरोबर. आणि वाचायला काही हवं असेल तर त्यांचं 'सुबोध बायबल' घ्या. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेलं काम आहे. त्यातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचा, लहानांनाही कळेल.

तेरणाकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. फळा आत्ताच पुसला. 'सुबोध बायबल' आमच्याकडे आहे, पुठ्ठा सुटलाय, तो आज खळ लावून चिकटवते. वाचायला आठवीतली एक मुलगी तयार झालीय. समई अप्पांची, घरून आणणार आहे.

बावखल:
ताई, पत्ता कळवा. वाडीतला सोनचाफा फुललाय. 24 तारखेला रात्रीच्या गाडीने माझा भाचा लातूरला निघतोय, त्याच्याजवळ केळीच्या पानात बांधून देतो.