लहान मुलांना मेपल सिरपच्या महोत्सवाला नेणं: हौस नक्की कोणाची?

वॉटर्लूवासी

मार्च संपत आला की कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातल्या आपल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एकच विषय सुरू होतो: एल्मायराला कोण कोण चाललंय? वॉटर्लूच्या उत्तरेचं हे छोटं गाव. १९६५ पासून तिथे मेपल सिरपचा, म्हणजे मेपलच्या झाडाचा रस आटवून केलेल्या पाकाचा, महोत्सव भरतो. २००० साली एका दिवसात ६६ हजारांवर माणसं आली म्हणून त्याची गिनेस बुकात नोंद झाली. महोत्सव चांगलाच आहे, पण दोन-अडीच वर्षांच्या पोराला तिथे नेऊ नये असं माझं ठाम मत आहे. नेणारे आईबाप स्वतःची हौस भागवतात.

जरा त्या मुलाच्या उंचीवरून बघा. अख्ख्या रस्त्यात त्याला दिसतात मोठ्यांचे गुडघे आणि दुसऱ्यांच्या स्ट्रोलरची चाकं. पॅनकेकच्या रांगेत पाऊण तास उभं राहायचं, तोवर हातमोजे ओले होतात, झोपेची वेळ टळते, आणि स्नोसूट घातल्यावरच नेमकी शू लागते. एवढं करून पोटात जाते ती साखर. एक मोठा चमचा सिरप म्हणजे साधारण १२ ग्रॅम. अमेरिकेच्या २०२०-२०२५ च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी सांगितलं होतं की दोन वर्षांखालच्या मुलांना वरून घातलेली साखर देऊच नये. सिरप झाडातून आलं म्हणून त्याला यातून सूट नाही. घरी बिस्किटं मोजून देणारे आपण तिथे इतके सैल कसे होतो?

जुळ्यांची_आई

पूर्ण असहमत. गावच्या जत्रेला तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन जातातच ना? त्याला कळतं म्हणून नाही नेत, ते आपल्या घरातलं आहे म्हणून नेतात. इथे आमचे आजी-आजोबा नाहीत, काका-मामा नाहीत. पाच महिन्यांच्या हिवाळ्यात मुलं चार भिंती आणि डेकेअर एवढंच बघतात. वर्षातून एकदा अख्खं गाव रस्त्यावर येतं, ओळख ना पाळख तरी माणसं मुलांशी बोलतात, हे त्यांनी बघायला नको? राहिली साखर. एका पॅनकेकवरच्या सिरपने मूल बिघडत नाही.

वॉटर्लूवासी

ताई, जत्रेत मूल रडलं की चार बायका पुढे होतात. इथे ते रडायला लागलं की आपण एकटे, आणि गाडी पार मैदानाच्या पलीकडे लावलेली. हा फरक लहान नाही.

कोल्हापूर_ते_मिसिसागा

तुम्ही दोघंही रस्त्यावरच्या गर्दीवर अडकलात. खरी गंमत आहे ती झाडांत, शुगरबुशमध्ये, म्हणजे रस काढतात त्या मेपलच्या राईत. एल्मायराहून तिथे बस सोडतात, पण मी म्हणेन महोत्सवाचा दिवस सोडाच. वॉनचं कॉर्टराइट सेंटर, ओकव्हिलचं ब्रॉन्टी क्रीक, कॅम्पबेलव्हिलचं माउंट्सबर्ग, अशा ठिकाणी मार्चमध्ये हेच सगळं बघायला मिळतं. सकाळी लवकर गेलात तर पोराला पळायला जागाही असते.

मी माझ्या मुलीला नेतो ते बादली ऐकायला. हो, ऐकायला. रात्री शून्याखाली, दिवसा शून्यावर असं हवामान झालं की खोडात दाब तयार होतो आणि भोकात ठोकलेल्या तोटीतून रस ठिबकतो. बादली रिकामी असली की थेंबाचा आवाज टण्ण येतो, तळ भरला की बदलतो. ती कान लावून बसते, मग झाकण उचलून बोट बुडवते. लागतं जवळपास पाणीच, कारण त्यात साखर जेमतेम दोन टक्के. असा सुमारे ४० लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर सिरप हाताशी येतं. आमच्याकडे गुऱ्हाळावर पोरं उसाच्या मोळीपासून काकवीपर्यंत सगळं बघतात, म्हणून गूळ कुठून येतो हे त्यांना सांगावं लागत नाही. माझ्या मुलीला ते बघायला मिळत नाही, तर निदान हे तरी तिच्या डोळ्यांनी बघू दे.

रात्रपाळी_नर्स

बादलीपर्यंत ठीक, पण पुढे सांभाळून. आटवायच्या कढया लाकडाच्या जाळावर असतात आणि सिरप उतरतं ते उकळत्या पाण्यापेक्षा चारेक अंश वर. ते पाण्यासारखं ओघळून जात नाही, कातडीला चिकटून भाजत राहतं. मूल कठड्याच्या अलीकडे आणि कडेवरच हवं. आणि बर्फावर ओतून काडीला गुंडाळून देतात ती टॉफी चार वर्षांखालच्या मुलाला देऊ नका. चिकट गोळा घशात अडकतो, शिवाय हातात काडी घेऊन मूल धावतं. या मुद्द्यावर मी कोणाशी वाद घालणार नाही.

जुळ्यांची_आई

टॉफी नाही दिली तर तिथे भोकाड पसरेल त्याचं काय?

रात्रपाळी_नर्स

पसरू दे. रडणारं मूल श्वास घेत असतं.

किचनर_काकू

नेताय तर मुलांना हेही सांगा की हा रस आटवायची विद्या युरोपातून आलेल्यांची नाही. अनिशिनाबे आणि इतर मूळनिवासी लोक त्याआधीपासून मेपलची साखर करत आले आहेत. 'पायोनियर', म्हणजे सुरुवातीच्या युरोपीय वसाहतकरांच्या, पोशाखातल्या माणसाकडे बोट दाखवून 'यांनी शोधलं' असं मुलाला सांगणारे आईबाप मी ऐकलेत, फार वाईट वाटलं. आणखी एक, एल्मायराच्या आसपास जुन्या वळणाचे मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे लोक घोडागाडीतून येतात. त्यांना फोटो काढलेले आवडत नाहीत. मुलाला घोडा जरूर दाखवा, पण फोन खिशात ठेवा.

वॉटर्लूवासी

कोल्हापूरकर, तुमच्या शुगरबुशला माझा विरोध कधीच नव्हता. पण लोक एल्मायराच्या दिवशीच जातात, कारण 'गिनेसवाल्या महोत्सवाला गेलो' हे सांगायला बरं वाटतं. अडीच वर्षांच्या पोराला त्या गिनेसशी काय घेणंदेणं?

जुळ्यांची_आई

काही नाही, पण माणसांशी आहे. मला माझी मुलं गर्दीला बिचकणारी नको आहेत. आम्ही पहिल्या पॅनकेकलाच उभे असू, रांग वाढायच्या आत खाऊन होईल, घोडे बघून दहाच्या आत गाडीत. दुपारची झोप घरी. टॉफीवर मात्र नर्सताईंचं ऐकणार, ती मुलांना दाखवणारच नाही.

वॉटर्लूवासी

दहाच्या आत निघणार असाल तर माझा अर्धा आक्षेप मिटला. साखरेचा आहेच.