घरी मटण खरपूस भाजणं, धूर देणं: तुमचे अनुभव लिहा

महालची लेक
काल संध्याकाळी जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर वास आला. चरबी निखाऱ्यावर पडली की येतो ना, तो. भाजीची पिशवी हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी पोळ्याच्या करीला बाबा ओसरीत शेगडी मांडायचे, कारण बाहेर हमखास पाऊस. आत आईचा सावजी रस्सा आणि बाहेर बाबांच्या चापा, म्हणजे मटणाचे हाडासकट काप. मीठ आदल्या रात्रीच लावलेलं, वरून आलं-लसूण आणि कुटलेले मिरे, बस. भाजायच्या आधी एकेक चाप जुन्या धोतराच्या फडक्यानं कोरडी टिपायचे. आई म्हणायची, एवढं काय पुसता? ते म्हणायचे, ओलं मटण भाजत नाही, उकडतं. आम्ही पोरं ताटल्या घेऊन रांगेत. एखादी चाप काळी झाली की ती बाबा स्वतःच्या ताटात घ्यायचे.

बाबांना जाऊन 6 वर्षं झाली. शेगडी माझ्या गॅलरीत आहे, तिच्यात गवती चहा लावलाय. आता वाटतंय, काढावी बाहेर. फ्लॅटमध्ये राहून कोणी असं करतं का? कसं करता, काय बिघडलं, कोणाकडून शिकलात, सगळं लिहा.

बिडाचा तवा
मी करते, गॅसवर. सासूबाईंचा बिडाचा तवा आहे, डोशाचा. रिकामा तवा मोठ्या आचेवर चांगला 5-6 मिनिटं तापवायचा. पाण्याचा थेंब टाकला की तो गोळी होऊन पळला पाहिजे. तेल तव्याला नाही, चापेला चोळायचं. ठेवली की हात लावायचा नाही!! आधी चिकटून बसते, खालून रंग धरला की आपोआप सुटते. मग चिमट्यानं चरबीची कड तव्यावर उभी धरायची, ती पांढऱ्याची सोनेरी होते आणि तिच्याच तुपात पुढच्या चापा होतात. एका वेळी 3 च्या वर ठेवू नका, तवा थंड पडतो. नॉनस्टिकवर हे करू नका, कोरडा इतका तापवला की त्याचा लेप जातो.

बाबांचं पुसणं अगदी बरोबर होतं. पाणी असेपर्यंत तिथलं तापमान 100 च्या पुढे जात नाही, आणि तो तांबूस रंग नि वास यायला 140 तरी लागतं.

वऱ्हाडी पोट्टा
ताई महालात कुठं? माह्या मामाचं घर बडकस चौकाजवळ होतं. करीच्या दिवशी मटणाच्या दुकानासमोर पाहाटपासून लाइन, आन् तिकडून मारबतीच्या मिरवणुकीचे ढोल. मामा मले खांद्यावर घेऊन लाइनीत उभा राहे. मटण त त्याच दिवसाचं, बाकी काही नाही बापा.

महालची लेक
बडकस चौकाच्या मागेच! तुमच्या मामांना बाबा ओळखत असतील.

खामला
शेगडी काढाल तर आधी हे वाचा. जानेवारीतली गोष्ट आहे, भाड्याची खोली, थंडी मरणाची. गॅलरीत चापा भाजल्या आणि निखारे चांगले आहेत म्हणून शेगडी उचलून आत आणली, खिडक्या बंद. अर्ध्या तासात बायकोचं डोकं जड, मळमळ. मला वाटलं, पित्त. मुलगी झोपली होती, हलवली तरी डोळे उघडेना. शेजारच्या काकूंनी दार ढकललं आणि आम्हाला ओढत बाहेर काढलं. डॉक्टर म्हणाले, कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग ना वास, धूर दिसत नसला तरी निखारा तो सोडतच असतो. मुलगी आज बारावीला आहे. कोळसा गच्चीवर किंवा अंगणात. घरात नाही, खिडकी उघडी ठेवूनसुद्धा नाही. हात जोडून सांगतो.

महालची लेक
वाचून अंगावर काटा आला. गच्चीवरच करेन, नक्की. लेकीला आशीर्वाद सांगा.

फक्त भरीत
आम्ही माळकरी, तरी लिहिते. धूर आमच्याही घरात आहे हो! भरताचं वांगं तुरीच्या काड्यांवर भाजलेलं खाल्लं की गॅसवरचं नको वाटतं. सालीला आधी तेल लावा, सुरीनं 2-3 टोचे द्या, नाहीतर फुटतं. आणि वरणाला धुंगार: कांद्याच्या वाटीत निखारा, त्यावर तूप आणि एक लवंग, झाकण 3-4 मिनिटं. जास्त ठेवलं तर कडू लागतं.

ह्यूस्टनहून
मूळ धरमपेठ. इथे टेक्सासात गोमांसाचं ब्रिस्केट धुरावर शिजवतात, छातीकडचा चिवट भाग. ओकचं लाकूड, आच 107 अंशाच्या आसपास, 12 तास तरी. पहिल्यांदा केलं तेव्हा आतलं तापमान 70 च्या आसपास येऊन जे थांबलं ते 4 तास हलेना. मी वैतागून आच वाढवली, वरून करपलं, आत दोरखंड. नंतर कळलं की हे तर आपल्या कूलरचं तत्त्व! मांसातलं पाणी उडतं आणि त्याला थंड ठेवतं. एवढे नागपूरचे उन्हाळे वाळ्याच्या ताट्यांमागे काढून मला ते सुचलं नाही. आता त्या टप्प्यावर कागदात गुंडाळतो.

स्टेकचं, म्हणजे मांसाच्या जाड कापाचं, उलट. आधी ओव्हनमध्ये मंद आचेवर आत 50 पर्यंत न्यायचा, मग कडक तव्यावर दोन्ही बाजूंनी एकेक मिनिट. भाजल्यानं रस आत कोंडला जातो असं सांगतात, ते खरं नाही. भाजायचं ते चवीसाठी. रस टिकतो तो जास्त न शिजवल्यानं.

वऱ्हाडी पोट्टा
भाऊ, इथं स्टेक कायचा करावा मंग?

बिडाचा तवा
राज्यात 2015 पासून गाय-बैलाचं मांस बंद आहे. मी बोकडाच्या रानाचा, म्हणजे मांडीचा, करते. खाटीकदादांना सांगायचं, हाड काढून इंचभर जाडीचे आडवे काप द्या. कोवळा बोकड हवा. कच्ची पपई लावली तर अर्ध्या तासाच्या वर नको, वरचा थर भुसभुशीत होतो. आणि उतरवल्यावर 5 मिनिटं तसंच ठेवा. आमच्याकडे तेवढ्यात मुलांनी अर्धं संपवलेलं असतं 😄

काटोलचा
लाकडाचं सांगतो. आमच्या बागेतली जुनी संत्र्याची झाडं काढली तेव्हा फांद्या ठेवल्या. वर्षभर वाळवल्या, ओलं लाकूड नुसतं धुपतं आणि मटण कडवट होतं. संत्र्याचा धूर हलका, गोडसर. कोळशावर मूठभर तुकडे टाकायचे, वर झाकण. कडुनिंब चुकूनही नको, तो गोठ्यात डासांसाठी ठीक. ताई, लागलं तर पोतंभर देतो, रविवारी नागपूरला येणंच होतं.

फक्त भरीत
दादा, यंदा मृग बहार कसा आहे?

काटोलचा
फळगळ भारी आहे काकू. पाऊस थांबून राहिला नाही.

महालची लेक
काल केलं. काटोलच्या दादांचं लाकूड, गच्ची, वर ताडपत्री. पहिल्या दोन चापा घाईत उलटल्या, चिकटून फाटल्या. मग हात मागे घेतला आणि वाट पाहिली. सुटली, खरंच आपोआप सुटली. आई खुर्चीत बसून होती. वास आला तशी म्हणाली, फडक्यानं पुसल्यास ना? एक काळी झाली. ती मी घेतली.

खामला
आईंना नमस्कार सांगा.

बिडाचा तवा
वाचून डोळे भरून आले गं. शेगडीतल्या गवती चहाचं काय केलंस? एक ठोंब मिळेल का मला?